मोरीतला दिवा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळची वेळ. आमच्या सासूबाई मोरीत अंघोळ करीत होत्या आणि आतला दिवा सारखा लुकलुकत होता. बल्ब सैल झाला असेल म्हणून त्यांनी तो बसवायचे ठरवले. बाई सावध. आधी दाराबाहेर हात घालून बटण बंद केले, मगच ओल्या हाताने बल्ब फिरवायला गेल्या. दुसऱ्याच क्षणी बादली गडगडल्याचा आवाज आला. धावत जाऊन बघते, तर सासूबाई उंबऱ्याशी पडलेल्या. झटक्याने मागे फेकल्या गेल्या म्हणून वाचल्या. मनगट मात्र मोडले. दीड महिना हात प्लॅस्टरमध्ये होता. त्या एकच विचारत होत्या, "अगं, मी बटण बंद केलं होतं ना?"

खरेच, बटण बंद होते. संध्याकाळी वायरमनचे काम करणारा माझा धाकटा भाऊ आला. त्याने मेन स्विच पाडून होल्डर उघडला. आत पाणी, गंज, आणि बकेलाइटला उभी चीर. वरच्या मजल्यावरच्या मोरीचे पाणी स्लॅबमधून झिरपून नेमके त्या होल्डरवर येत होते. पण मोठा दोष बोर्डात निघाला. बटण फेजच्या वायरवर असावे लागते, ते न्यूट्रलच्या वायरवर जोडलेले होते. बटण बंद केले की दिवा विझायचा, पण होल्डरमध्ये वीज तशीच उभी असायची. अकरा वर्षे आम्ही त्याच होल्डरखाली पोरांना अंघोळ घातली!

भाऊ रागावून म्हणाला, "ताई, बाहेरच्या खोलीला झुंबर, आणि मोरीला घरातला सगळ्यांत जुना होल्डर?"

त्याचे खरे होते. पाहुण्यांना दिसते तिथे आपण चार पैसे जास्त घालतो. मोरी आणि संडास यांच्या वाट्याला उरलेसुरले येते. वास्तविक चांगल्या फिटिंगची सगळ्यांत जास्त गरज तिथेच असते. कोरडी कातडी विजेला बरीच अडवते. ओली झाली की तो अडसर जातो. त्यात पाय अनवाणी, खाली ओली फरशी. आपल्या घरात २३० व्होल्टची वीज येते. नऊ वॉटचा लहानसा एलईडी बल्ब जेवढा प्रवाह घेतो, तेवढा प्रवाह छातीतून गेला तरी माणसाचा श्वास थांबू शकतो. "छोट्या दिव्याने काय होणार" हे म्हणणे म्हणूनच खोटे आहे.

दिवा घेण्याआधी दुकान बघू नका, आपली मोरी बघा. पाणी कुठवर उडते? छत गळते का? हात वर केला तर कुठे पोचतो? विजेच्या आंतरराष्ट्रीय नियमांत अंघोळीच्या जागेचे पट्टे पाडलेले आहेत. जमिनीपासून सव्वादोन मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे साडेसात फुटांपर्यंतची जागा, आणि अंघोळीच्या जागेच्या कडेचे आणखी दोन फूट, ही धोक्याची जागा धरतात. आपली मोरी मुळात चार फूट बाय तीन फूट. म्हणजे आपल्यासाठी सगळी मोरीच धोक्याची. त्यात वर पोटमाळा काढलेला असला तर छत सहा-साडेसहा फुटांवर येते, आणि डोक्यावर पाणी घेताना हात सरळ होल्डरला लागतो.

अशा ठिकाणी उघडा होल्डर नको. दुकानात "बल्कहेड" मागा. जाड काच किंवा प्लॅस्टिकचे झाकण, कडेने रबराची रिंग, असा हा गोल किंवा लांबट बंद दिवा असतो. त्याच्या खोक्यावर "आयपी" ही अक्षरे आणि पुढे दोन आकडे बघा. पहिला आकडा धूळ आणि किडामुंगी किती अडते ते सांगतो, दुसरा पाणी किती अडते ते. आयपी २० म्हणजे पाण्यापासून काहीच संरक्षण नाही. असा दिवा बाहेरच्या खोलीत ठीक. मोरीला निदान आयपी ४४ घ्या. त्यावर कुठूनही पाणी उडाले तरी चालते. आयपी ६५ मिळाला तर उत्तम, कारण त्याला पाण्याची धारही सोसते. धातूच्या बॉडीपेक्षा प्लॅस्टिकची बरी. तिला गंज नाही आणि वीज उतरण्याची भीतीही कमी. धातूचीच घेतली तर अर्थिंग जोडल्याशिवाय लावू देऊ नका.

बंद झाकणात साधा एलईडी बल्ब कोंडला तर तो तापतो आणि लवकर जातो. त्यासाठी ज्यात एलईडी आधीच बसवलेला असतो, ते फिटिंग घ्यावे. लहान मोरीला सहा-आठ वॉट पुष्कळ होतात. जुना तापणारा काचेचा बल्ब तिथे नकोच. तापलेल्या काचेवर गार पाणी उडाले की ती तडकते.

दिवा चांगला आणला, पण लावताना चूक झाली तर पैसे पाण्यात. वायरमन काम करीत असेल तेव्हा पुढील गोष्टी समोर उभे राहून विचारा. विचारायला लाजू नका.

१. बटण मोरीच्या बाहेर, कोरड्या भिंतीवर, ओला हात सहज पोचणार नाही इतके दूर आहे ना?

२. बटण फेजवरच आहे ना? टेस्टर लावून दाखवायला सांगा. बटण बंद करूनही एलईडी मंद जळत राहत असेल, तर बटणातल्या लाल दिव्यामुळे तसे होऊ शकते, पण बटण न्यूट्रलवर असल्याचीही ती खूण असू शकते. तपासून घ्या.

३. छत गळते तिथे दिवा छताला नको; दाराच्या वर, कोरड्या भिंतीवर, जमेल तितका उंच घ्या. वायर फिटिंगमध्ये खालून न्यावी. वरून नेली तर पाणी वायरीच्या वाटेने आत उतरते.

४. आत कुठेही टेप गुंडाळलेला जोड नको.

यापेक्षाही महत्त्वाची एक वस्तू आहे: मीटरजवळच्या बोर्डात बसणारे आरसीसीबी. वीज गळून माणसाच्या अंगातून जमिनीत जाऊ लागली की हे क्षणात पुरवठा तोडते. त्यावर ३० मिलीअँपिअर लिहिलेले आणि आयएसआय चिन्ह हवे. "आमच्याकडे एमसीबी आहे" असे पुष्कळजण सांगतात. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवते, माणसाला शॉकपासून नाही. दोन्ही हवीत. जुन्या चाळीत अर्थिंग नसले तरी आरसीसीबी उपयोगी पडते. मात्र तेवढ्यावर थांबू नका, सगळ्या भाडेकरूंनी मिळून अर्थिंगसाठी मालकाच्या किंवा सोसायटीच्या मागे लागावे.

आता गावाकडचे. २०१४ नंतर पुष्कळ घरांच्या अंगणात संडास बांधले गेले, पण दिव्याची सोय कोणी केली नाही. मग घरातून वायर ओढून, वाटेत कपडे वाळत घालायच्या तारेला टेकवून दिवा लावला जातो. वाऱ्याने वायर घासते, वेष्टण सोलते आणि ती लोखंडी तार जिवंत होते. पहाटे ओले लुगडे टाकायला गेलेली बाई तिला चिकटते. ती वायर आजच सोडवा. वाळणाला नायलॉनची दोरी बांधा. वायर पाइपातून न्या. ते होईपर्यंत बॅटरी वापरा.

आणि कोणाला शॉक लागलाच तर आधी मेन बंद करा. त्या माणसाला उघड्या हाताने शिवू नका, नाहीतर एकाचे दोन होतात. मेन सापडत नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने त्याला वेगळे करा आणि १०८ ला फोन लावा.

आमच्या मोरीत आता दाराच्या वर बंद दिवा आहे, बोर्डात आरसीसीबी आहे. त्यावर तपासणीचे एक लहान बटण असते. ते दाबले की घरातली वीज गेली पाहिजे. दर महिन्याच्या एक तारखेला सासूबाई तेच मनगट चोळीत स्टुलाजवळ जातात आणि नातीकडून ते दाबून घेतात. वीज गेली की म्हणतात, "गेली ना? मग जा आता, अंघोळ कर."

या रविवारी तुम्हीही आपल्या मोरीत एकदा मान वर करून बघा.