दिवसाआड पाण्याचं बेट

मंगळवारी सकाळी सहाला आमच्या दिघीतल्या दत्तगडाच्या पायथ्याशी दोन गृहस्थ भांडत होते. विषय पार्किंगचा. दोघेही डोंगर चढायला, म्हणजे चालायला आलेले. दोघांचीही घरं तिथून दीड किलोमीटरच्या आत आहेत, हे मला पक्कं ठाऊक. एकाच्या गाडीच्या टपावर सायकल बांधलेली होती आणि तिच्या चाकांना लाल माती. कुठे जाऊन आलात, म्हणून विचारलं. "दिवाडी बेट, गोवा. दोन दिवस नुसती सायकल आणि चालणं. काय शांतता आहे हो तिथे! आपल्याकडे हे जमणारच नाही." एवढं सांगून त्यांनी पुन्हा हॉर्नवर हात ठेवला.

मी गप्प राहिलो. कारण मीही आदल्याच रात्री दिवाडीहूनच परतलो होतो.

तर दिवाडी. मांडवीच्या पात्रातलं बेट, जुन्या गोव्याच्या समोर. मूळ सप्तकोटेश्वर इथलाच. पोर्तुगिजांनी देऊळ पाडलं, लिंग नदीपलीकडच्या नार्व्याला गेलं आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार 1668 साली शिवाजी महाराजांनी केला. हे आपल्याकडे शाळकरी पोरही सांगेल, म्हणून पुढे जातो. बेटावर भाड्याची सायकल मिळते. मला मिळाली तिची सीट इतकी खाली होती, की पायडल मारताना गुडघे हनुवटीला सलाम करत होते. पिएदादच्या चर्चकडे चढणारा रस्ता छोटा पण खडा आहे. दुसऱ्या वळणावर चेन पडली. मी काळ्या बोटांनी तिच्याशी झटत असताना समोरच्या घराच्या बलकांवात, म्हणजे ओसरीत, बसलेले आजोबा उठले, काही न बोलता सायकल उलटी केली, काडीने चेन दात्यांवर चढवली आणि जाताना सीटकडे बोट दाखवून मान हलवली. टेकडीवर चर्चच्या आवारात उभं राहिलं की मांडवी, खाजनातली शेतं आणि पलीकडे जुन्या गोव्याची शिखरं. चढायला पंधरा मिनिटं, दम जायला दहा. आमचा दत्तगडही साधारण एवढाच.

मग फरक कशात आहे? लोक म्हणतात शांततेत, हिरवाईत, गोव्याच्या हवेत. मला ते पटत नाही. फरक फेरीबोटीत आहे.

दिवाडीला रस्त्याचा पूल नाही. जुन्या गोव्याहून आलेली बोट बेटाच्या धक्क्याला लागते, साखळ्या खडखडतात, पुढची फळी सिमेंटच्या उतारावर धाडकन पडते. आधी स्कूटर सुटतात, मग एकेक चारचाकी फळीवरून डुलत उतरते, शेवटी आमच्यासारखे सायकली ढकलणारे. दोन-तीन मिनिटं रस्त्यावर कल्ला होतो. मग गाड्या आपापल्या गल्ल्यांत शिरतात आणि पुढची खेप येईपर्यंत रस्ता तुमचा. रविवारी मी घड्याळ लावून बसलो होतो. मळारच्या वाटेवर सलग अकरा मिनिटं मागून एकही गाडी आली नाही. तिथले लोक काही आपल्याहून सज्जन नाहीत. स्कूटर तेही दामटतात. पण बेटावर गाडी येते ती बोटीच्या मापाने. पायी माणूस फुकट जातो आणि रांगेत ताटकळतो तो गाडीवाला. आपल्याकडे बरोबर उलटं. आळंदी रस्ता ओलांडायला दिघीत म्हातारी माणसं उभी असतात आणि डंपर मात्र कधीच कुणाची वाट बघत नाही. मोशीकडून खडी, विश्रांतवाडीकडून टँकर, भोसरीकडून कंपन्यांच्या बस. खेप संपतच नाही, कारण खेप नाहीच. नुसती धार.

गंमत म्हणजे बेट आम्हीही आहोत. नकाशा उघडून बघा. एका अंगाला सीएमईची, म्हणजे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाची हद्द, एका अंगाला मॅगझिन, म्हणजे लष्कराचं दारूगोळ्याचं कोठार, आणि त्याचा रेड झोन, पलीकडे लोहगावचा हवाईतळ. दत्तगडावरून विमानांची पोटं दिसतात. 1997 साली महापालिकेत आलो तेव्हा वाटलं होतं, आता मुख्य भूमीला जोडले गेलो. बेटाभोवती पाणी असतं म्हणतात. इथे नोव्हेंबर 2019 पासून नळालाही दिवसाआड येतं. आणि दुसरी दिघी आहे ना, रायगडातली, राजपुरीच्या खाडीवरची, तिला आगरदांड्याहून गाड्या घेऊन जाणारी जंगल जेट्टी आहे. नाव आम्हाला मिळालं, बोट त्यांना.

खरं बेट बघायचं तर शेजारचं बोपखेल गाव. त्यावर या जागेत इतकं लिहून झालंय, की संपादक आता नुसता शब्द दिसला तरी फोन करतात. तरी एकदा. मे 2015 मध्ये सीएमईतून दापोडीला जाणारा रस्ता बंद झाला. एक फाटक लागलं आणि गावाचं बेट झालं, मुळा नदीत एक थेंब न वाढता. दापोडी हाकेच्या अंतरावर, वळसा मात्र दिघी-भोसरीवरून सुमारे 15 किलोमीटरचा. मध्यंतरी लष्करानेच मुळेवर तरंगता पूल टाकून दिला, तोही पुढे काढला गेला. खडकीच्या बाजूला पक्का पूल उभा राहीपर्यंत कितीतरी पोरांची शाळा संपली. आणि हे सगळं कुठे? आर अँड डीई (इंजिनिअर्स) च्या शेजारी. ही संरक्षण प्रयोगशाळा दिघीत आहे आणि तिचा हातखंडा कशात, तर पुलांत. 'सर्वत्र' हा पूल तिथलाच. ट्रकवर घडी घालून नेतात, एकेक तुकडा 15 मीटरचा, पाच जोडले की 75 मीटर. प्रयोगशाळेला बोल लावत नाही. त्यांचा पूल रणगाड्यांसाठी. बोपखेलच्या पोरांना फक्त दापोडीच्या शाळेत जायचं होतं.

म्हणजे बेटपणाचे सगळे भोग आमच्या वाट्याला आणि बेटाचं सुख एकही नाही. चहूकडून फाटकं आणि मधोमध वाहतूक.

पेव्हर ब्लॉकचा विषय काढणार नाही असं गेल्या महिन्यात वाचकांना कबूल केलं होतं. शब्द मोडतो. दिवाडीच्या रस्त्यांवर मला पेव्हर ब्लॉक दिसले नाहीत. साधं डांबर, कडेला माती, मातीवर गवत. दिघीत एका गल्लीत तीन रंगांचे ब्लॉक आहेत आणि प्रत्येक रंग वेगळ्या उंचीवर. त्यावरून सायकल नेली की कॅरियरवरची भाजी आपोआप निवडून होते. ब्लॉक बसले की महिन्याभरात शेजारी फ्लेक्स लागतो, फ्लेक्स लागला की गाडी उभी राहते, गाडी उभी राहिली की सायकल रस्त्याच्या मध्ये येते, असा माझा सिद्धांत आहे. पुरावा नाही. पण चुकीचा ठरवणाराही अजून कुणी भेटलेला नाही.

परतीच्या बोटीत मात्र एका बाईंनी मला जमिनीवर आणलं. मी बोटीचं कौतुक करत होतो. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही दोन दिवस येता. रात्री घरात कुणाला बरं नसलं की ही बोट किती गोड लागते, ते आम्हाला विचारा." त्यांच्या मांडीवर औषधांची पिशवी होती. मला बोपखेल आठवलं आणि मी तोंड मिटलं. बोट हवी म्हणून बेटावर राहा, असं मी कुणाला सांगणार नाही. एवढंच म्हणतो, की गाडीला थांबायला लावणारी एखादी फळी दिघीतही कुठेतरी पडायला हवी. पूर्ण दिवस नको. रविवारी सकाळी पाच ते आठ, मॅगझिन चौकापासून आळंदीच्या दिशेने निम्मा रस्ता. त्याला निविदा लागत नाही, चार बॅरिकेड आणि दोन ट्रॅफिक हवालदार लागतात.

जमत नाही म्हणू नका. दरवर्षी जमतं. माउलींची पालखी आळंदीहून पुण्याला निघते त्या सकाळी हाच रस्ता गाड्यांना बंद असतो. दिंड्या येण्याआधीचा तासभर बघा कधी. डांबर कोरडं, मोकळं, दुतर्फा चहाच्या किटल्या मांडलेल्या आणि मधून गल्लीतली पोरं सायकलींवर हात सोडून चाललेली. आई ओरडत नाही. त्या एका तासापुरतं दिघीचं दिवाडी होतं. मग टाळ ऐकू येतात आणि पोरं कडेला होतात.

बुधवारी मीच गाडी न काढता सायकलवर गडाकडे निघालो. सीट वर करून घेतली होती. कोपऱ्यावर पाण्याचा टँकर इतका चिकटून गेला, की पाण्याचे शिंतोडे अंगावर. गडावर तितर ओरडत होता, जाड टायरच्या सायकली घेऊन आलेली दोन पोरं पायवाटेने खाली सुटली होती. पायथ्याशी कालचे गृहस्थ पार्किंग मिळाल्याच्या आनंदात होते. उतरून घरी आलो तेव्हा बायको दारातच उभी. आज पाण्याचा दिवस होता आणि नळ नुकताच गेला होता.

— दिघीकर