शुश्रूषा
‘शुश्रूषा’ या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. सेवा हा अर्थ मागाहूनचा. (आमच्या वर्गातली मुले हे परीक्षेपुरतेच लक्षात ठेवतात, तो भाग निराळा!)

पण वाचकहो, कर्करोगाने तळमळणारा माणूस बोलणार काय आणि नर्सबाई ऐकणार काय? लंडनच्या सिसिली साँडर्स आधी परिचारिका, पुढे १९५७ साली डॉक्टर झाल्या. वेदना उसळण्याची वाट न पाहता घड्याळाच्या काट्यावर मॉर्फिन द्यावे, हा त्यांचा आग्रह. १९६७ साली त्यांचे सेंट ख्रिस्टोफर्स सुरू झाले. आपल्याकडे वांद्र्याचे शांती अवेदना सदन १९८६ साली त्याच वाटेने निघाले. कळ थांबली, की रोगी घरचे, मुलाबाळांचे बोलू लागतो आणि परिचारिकेलाही खाटेशी बसवते.

बसायला सवड मात्र हवी. एकीच्या माथी खाटांची रांग मारायची आणि वर ती हसतमुख असावी म्हणायचे, हा आपला शिरस्ता! पहाटे एक रोगी जातो, दुपारी त्याच खाटेवर दुसरा येतो. मधल्या वेळात एखाद्या वडीलधाऱ्या सिस्टरने तिचे चार शब्द ऐकून घेतले, तर नव्या रोग्यापाशी ती जरा मोकळ्या मनाने जाते.