मार्क कमी द्या, पण मैदानात येऊ द्या!

खेचर हट्टी असतं हे ऐकून ऐकून कान किटले. बग नीट न बघता तिकीट बंद करण्यातला प्रकार आहे हा!

कम्बाइंड ड्रायव्हिंग म्हणजे घोडागाडीची तीन टप्प्यांची स्पर्धा: ड्रेसाज, मॅरेथॉन आणि कोन्स. कोनवरचा एक चेंडू पडला की ३ पेनल्टी. घोडा घाबरला की पळत सुटतो; खेचर थांबतं, अंदाज घेतं. याला आपण हट्ट म्हणतो. मागे गाडी आणि गाडीत माणूस असताना मला तरी हा गुणच वाटतो.

शिकवायला कठीण? घोडा तुमच्या चार चुका पोटात घालतो, खेचर लक्षात ठेवतं. मारून उपयोग नाही, पायरीपायरीनेच शिकवावं लागतं. पण चूक ट्रेनरची आणि शिव्या जनावराला!

ब्रिटनमध्ये वॉलेस नावाच्या खेचराला, घोडा नाही म्हणून, स्वारीच्या ड्रेसाजमध्ये प्रवेश नव्हता. २०१८ मध्ये ब्रिटिश ड्रेसाजने नियम बदलला आणि पठ्ठ्याने पहिलीच स्पर्धा मारली.

कॅलिफोर्नियात बिशपला 'म्यूल डेज' भरतात, तिथे खेचरं गाड्याही ओढतात. छानच. पण वेगळी पंगत मांडली म्हणजे न्याय झाला का? चाल घोड्याइतकी डौलदार नाही? द्या कमी मार्क. आई घोडी, बाप गाढव हा बायोडेटा झाला, स्कोअर नव्हे.

कॉलेजचं नाव बघून आपला सीव्ही बाजूला पडला तेव्हा किती चिडलो होतो, आठवतंय ना?