ट्रॉलीचा गंज

उसाचा हंगाम संपला की ट्रॉली गोठ्यामागे उभी राहते. बंधूंनो, तिचे रंगकाम उन्हाळ्यातच उरकावे. सांडलेले युरिया-पोटॅश आधी पाण्याने धुवावे. त्या खाराने लोखंड लवकर खाल्ले जाते. वाळल्यावर हातोडीने ठोकून पापुद्रे काढावेत. हुकाजवळचे जोड मात्र तारेच्या ब्रशाने लख्ख घासून निरखावेत. आमच्या ट्रॉलीची भेग नव्या रंगाखाली दोन वर्षे झाकून राहिली आणि भरल्या उसानिशी दांडी चढावर तुटली. माणूस वाचला, एवढेच. भेग दिसली तर वेल्डिंग आधी, रंग मागून. घासलेल्या लोखंडाला त्याच दिवशी रेड ऑक्साईड लावावे, नाहीतर रात्रीच्या दवाने पुन्हा गंज धरतो. ते सुकल्यावर ऑईल पेंटचे दोन हात. घासताना नाकातोंडाला बारीक धूळ गाळणारा मास्क लावावा, नुसते फडके पुरत नाही; पोरांना लांब ठेवावे. जुन्या रंगात शिसे असू शकते.