उसन्या संगिनींचे स्वातंत्र्य

दुसऱ्या महायुद्धाचा विषय निघाला की पुण्यात एक वाक्य हमखास ऐकू येते : १९४४ मध्ये जपान्यांनी इम्फाळ घेतले असते, तर देश तीन वर्षे आधी, आणि तोही अखंड, स्वतंत्र झाला असता. आत्याबाईला मिशा असत्या तर, असे म्हणून हा विषय हसण्यावारी नेता येईल. परंतु ते योग्य नव्हे. या वाक्यामागे राजकारणाविषयीची एक समजूत आहे. जनता मुळात दुबळी असते, तिचे स्वातंत्र्य कोणा बलवंतानेच तिला आणून द्यावे लागते, ही ती समजूत. तिची झडती घेतली पाहिजे.

प्रथम जपानच्या रणनीतीचाच विचार करावा. एप्रिल १९४२ मध्ये जपानी आरमाराने कोलंबो व त्रिंकोमालीवर हल्ले केले. विशाखापट्टण आणि काकिनाड्यावर बाँब पडले. भारताचा पूर्व किनारा तेव्हा जवळजवळ उघडा होता. तरीही ते आरमार मागे फिरले व जूनमध्ये मिडवेच्या लढाईत आपली चार विमानवाहू जहाजे गमावून बसले. सिंहलद्वीपावर उतरण्याची आरमाराची योजना भूदलाने मान्य केली नव्हती. त्याची फौज चीनमध्ये अडकलेली होती. १९४४ ची मोहीम तर खचत चाललेल्या साम्राज्याचा जुगार होता. सेनापती मुतागुची यांनी तीन डिव्हिजन अरण्यांतून व डोंगरांतून धाडल्या, त्या जेमतेम तीन आठवड्यांच्या शिध्यावर. पुढचे अन्न इंग्रजांची कोठारे लुटून मिळेल, हा हिशेब! अखेर कोहिम्याला उपाशी पडलेली आपली डिव्हिजन सातो यांनी वरिष्ठांचा हुकूम मोडून मागे घेतली. ज्या फौजेला कोहिम्यात भाकर मिळाली नाही, ती दिल्लीला कशी पोचणार होती?

तरीही क्षणभर इम्फाळ पडले असे धरावे. पुढे काय झाले असते, हे कल्पनेने रंगविण्याचे कारण नाही. अंदमानात ते घडलेलेच आहे. मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी ती बेटे घेतली. नोव्हेंबर १९४३ मध्ये टोकियोत ती आझाद हिंद सरकारला देण्याची घोषणा झाली आणि डिसेंबरात नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकविला. सत्ता मात्र जपानी आरमाराच्याच मुठीत राहिली. इंडियन इंडिपेंडन्स लीगचे तेथील अध्यक्ष डॉ. दिवाणसिंग त्या दिवसांत सेल्युलर जेलमध्ये जपान्यांचा छळ सोशीत होते; जानेवारी १९४४ मध्ये त्यांचा अंत झाला. त्याच महिन्याच्या ३० तारखेला हंफ्रेगंज येथे ४४ जणांना हेरगिरीच्या आरोपाखाली गोळ्या घातल्या गेल्या. ब्रह्मदेशाला १९४३ मध्ये ‘स्वातंत्र्य’ मिळाले. मार्च १९४५ मध्ये आँग सान यांचे सैन्य त्या स्वातंत्र्यदात्यांवरच उलटले. मलाया व इंडोनेशिया तर कायमचे गिळण्याचे टोकियोने मे १९४३ मध्येच ठरविले होते.

यात आझाद हिंद सैनिकांच्या त्यागाला उणेपणा येत नाही. त्यांची निष्ठा अस्सल होती. त्यांचा आश्रयदाता साम्राज्यवादी होता, एवढेच. दुसरीकडे, इंग्रजांनी भारताचे रक्षण केले हा दावाही तितकाच पोकळ आहे. जपानी येतील म्हणून त्यांनी बंगालमधील कोळ्या-शेतकऱ्यांच्या होड्या काढून घेतल्या, आणि १९४३ च्या दुष्काळात लाखो माणसे त्यांच्याच राज्यात अन्नावाचून मेली.

दोन साम्राज्यांपैकी एक निवडा, हा डाव नाकारणारे उत्तर पुण्यातच बंदिस्त होते. आगाखान पॅलेसमध्ये गांधीजी स्थानबद्ध असताना सरकारने काँग्रेसवर जपानधार्जिणेपणाचा आळ घेतला. परंतु मे १९४२ मध्येच, ओरिसाच्या किनाऱ्यावर काम करणाऱ्या मीराबेनला गांधीजींनी लिहून कळविले होते की, जपानी उतरले तर त्यांच्याशी पूर्ण असहकार करायचा. त्यांना साहाय्य द्यायचे नाही, त्यांच्याकडून लाभही घ्यायचा नाही. त्याच पॅलेसमध्ये कैदेत असलेल्या मीराबेनने तो पत्रव्यवहार व्हाइसरॉयपुढे ठेवला. भिंतींबाहेर पुण्याचे तरुणही कोणा जपानी सेनापतीची वाट पाहत बसले नव्हते. कॅपिटॉल चित्रपटगृहातील २४ जानेवारी १९४३ च्या स्फोटाच्या मार्गाविषयी मतभेद असोत. तो उठाव उसना नव्हता, हे निर्विवाद.

आणि आझाद हिंद सेनेला विजय मिळाला तो तरी कोठे? इम्फाळच्या चिखलात नव्हे. १९४५ च्या अखेरीस लाल किल्ल्यात तिच्या अधिकाऱ्यांवर खटले भरले, तेव्हा सारा देश रस्त्यावर आला. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौसैनिकांनी बंड केले व गिरणी कामगार त्यांच्या पाठीशी उभे राहिले. इंग्रजांचा आपल्या हिंदी फौजेवरचा भरवसा उडाला तो यामुळे.

फाळणीचे शल्य खरे आहे; पण परकीय सैन्याच्या छावणीत ते टळले असते असे मानणे ही स्वतःचीच फसवणूक होय. इम्फाळच्या जर-तरमध्ये रमणाऱ्यांनी नगर रस्त्यावरच्या त्या पॅलेसच्या आवारात एकदा जावे. स्थानबद्धतेत मरण पावलेल्या महादेवभाई आणि कस्तुरबा यांच्या समाध्या तेथे आहेत. कोणता बलवंत येतो याची वाट न पाहता त्यांनी आपली किंमत चुकविली.