ताटातलं तेल टायरात नको, टरफलातलं घाला

पोस्ट लांब आहे. पण विषय आपल्या काजूचा आहे, त्यामुळे सिंधुदुर्ग, रत्नागिरी, आजरा-चंदगड आणि गोव्याच्या मंडळींनी तरी शेवटपर्यंत वाचावी.

टायर रबराचा असतो हे अर्धंच खरं. कारच्या टायरचा रस्त्याला लागणारा थर मुख्यतः कृत्रिम रबराचा असतो आणि त्यात तेल मुरवलेलं असतं. तेही थोडंथोडकं नाही. एसबीआर १७१२ या वर्षानुवर्षं वापरात असलेल्या प्रकारात १०० भाग रबरामागे ३७.५ भाग तेल असतं. तेलाशिवाय रबर नीट मळलं जात नाही, त्यात काजळी सारखी पसरत नाही आणि टायर कडक होतो. हे तेल येतं पेट्रोलियम रिफायनरीतून. त्याला ॲरोमॅटिक तेल म्हणतात. नावावर जाऊ नका, काळं घट्ट प्रकरण असतं. त्यात पीएएच नावाच्या गटातली रसायनं असतात आणि त्यातलं बेंझोपायरीन कॅन्सर करतं हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने पक्कं म्हटलेलं आहे. टायर झिजतो तेव्हा त्याची धूळ रस्त्यावर पडते आणि पहिल्या पावसात गटारातून, वहाळातून नदीत जाते. (आंदोलनात टायर जाळणारे पुढारी तर ही रसायनं थेट कार्यकर्त्यांच्या नाकात पोचवतात, तो विषय वेगळा.)

युरोपने १ जानेवारी २०१० पासून टायरच्या तेलावर मर्यादा घातली. किलोमागे बेंझोपायरीन १ मिलिग्रॅमच्या वर नको आणि अशा आठ रसायनांची बेरीज १० मिलिग्रॅमच्या वर नको. आपल्याकडून युरोपात जाणारा प्रत्येक टायर हा नियम पाळूनच जातो. म्हणजे तंत्र इथे आहे, माल इथे आहे, कामगार इथलेच आहेत. मग इथल्या रिक्षाच्या, एसटीच्या, ट्रॅक्टरच्या टायरात कोणतं तेल आहे, हे कंपन्यांनी टायरवरच छापावं ना! तिकडच्या फुप्फुसाला एक माप आणि इकडच्याला दुसरं, असं कशाला?

आता नवीन टूम आली आहे 'ग्रीन टायर'ची. पेट्रोलियमच्या जागी वनस्पतीचं तेल. कल्पना चांगलीच आहे आणि खोटीही नाही. गुडइयरने २०१७ मध्ये अमेरिकेत सोयाबीन तेल घातलेला टायर बाजारात आणला. या तेलाने रबर थंडीतही मऊ राहतं. २०४० पर्यंत पेट्रोलियमचं तेल पूर्ण सोडायचं असं त्यांनी ठरवलं आहे. योकोहामाने संत्र्याच्या सालीचं तेल वापरलं. नोकियनने मोहरीच्या जातीतल्या कॅनोलाचं. यातली लक्षात ठेवायची गोष्ट ही की सोयाबीनच्या संशोधनाला पैसा दिला तिथल्या शेतकऱ्यांच्या मंडळाने. अमेरिकेतला सोयाबीन शेतकरी विक्रीच्या रकमेतला अर्धा टक्का या मंडळाला देतो आणि मंडळ आपल्या मालाला नवीन गिऱ्हाईक शोधतं. आपल्याकडची मंडळं काय शोधतात ते आपण बघतोच.

पण म्हणून तेच इथे आणा म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. परवा एकाने लिहिलं की गुडइयरचा कारखाना वाळूजला आहे, आजूबाजूला मराठवाड्याचं सोयाबीन आहे, टायरात सोयाबीन गेलं की लातूरच्या शेतकऱ्याला भाव मिळेल. साहेब, भाव असा मिळत नसतो. सोयाबीनच्या दाण्यात तेल १८ टक्क्यांच्या आसपास, बाकी पेंड. दाण्याचा भाव पेंडीवर हलतो. आणि आपला देश खाद्यतेलाची निम्म्याहून जास्त गरज आयात करून भागवतो, सोयाबीनचं तेल अर्जेंटिना-ब्राझीलहून येतं. टायरवाल्याला लागणारं तेलही त्याच जहाजातून उतरेल. किंवा त्याहून स्वस्त म्हणून इंडोनेशियाचं पाम येईल, जंगल तोडून लावलेलं, आणि टायरवर मात्र हिरवं पान छापलेलं असेल. शेतकऱ्याच्या हाती काही नाही, आणि फोडणीचं तेल महाग.

आता आपल्या दारातलं बघा. शंभर किलो काजू बी फोडली की गर निघतो पंचवीस-तीस किलो. बाकी बहुतेक सगळं टरफल. या टरफलाच्या वजनाचा साधारण पाव हिस्सा तेल असतं. हे तेल कोणी खात नाही, खाऊच शकत नाही. कटिंगवर बसणाऱ्या बायकांना विचारा, हाताची कातडी सोलून निघते, राख चोळून बसावं लागतं. तापवल्यावर या तेलातून मुख्यतः कार्डानॉल मिळतं. ब्रेकच्या लायनिंगमध्ये, रंगात, रेझिनमध्ये ते कधीपासून वापरतात. आणि रबरात? आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०१४ मध्ये शोधनिबंध छापला, नैसर्गिक रबरात ॲरोमॅटिक तेलाच्या जागी कार्डानॉल वापरण्यावर. पुढे नायट्राइल या कृत्रिम रबरावरही काम झालं. म्हणजे हे कोणा व्हॉट्सॲपवाल्याचं संशोधन नाही.

आणि आपण काय करतो? टरफल भट्टीत घालतो. डोळे चुरचुरतात असा धूर आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी. नाहीतर ट्रक भरून बाहेरच्या तेलवाल्याला देतो, तो सांगेल त्या भावाने. "मग भट्टीला काय घालू?" असं युनिटवाले विचारतील. तेल काढल्यावर जो चोथा उरतो तो जळणाला चालतो. तेल गेलं म्हणजे जळण गेलं असं नाही.

अडचणी आहेत, त्या लपवत नाही. हे तेल रबरात नुसतं ओतून चालत नाही. वनस्पती तेलातले दुहेरी बंध रबर पकवायला घातलेलं गंधक स्वतःच खातात, त्यामुळे रबर कच्चं राहू शकतं. गंधकाचं प्रमाण, पकवायचा वेळ, सगळं नव्याने बसवावं लागतं. कोकणातल्या टरफलावर देशातले सगळे टायर चालणार नाहीत हेही उघड आहे. म्हणून सुरुवात टायरपासून नकोच. गाडीतल्या पायाखालच्या मॅट, चपलेचे सोल, पाइप, गॅस्केट. काळा रंग चालणारा माल, छोटी यंत्रं, कुडाळ एमआयडीसीत बसेल असा उद्योग.

२०२३ च्या अर्थसंकल्पात काजू मंडळाची घोषणा झाली. भाषणं सगळी बोंडू आणि गरावर. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ सारखी कलमं देऊन शेतकऱ्याचं भलं केलं, ते त्यांचं काम होतं आणि त्यांनी केलं. टरफलाला मात्र वाली नाही. मंडळाने तालुक्याला एक सामायिक तेलघाणा द्यावा, तेलाची प्रत तपासायची सोय करावी, रबरवाल्यांना बोलावून चाचणीचे पैसे स्वतः घालावेत आणि कटिंगच्या बायकांना धड हातमोजे द्यावेत. एवढीच मागणी आहे, पुढच्या ग्रामसभेत ठराव म्हणून मांडा.

ज्यांचं युनिट आहे त्यांनी यंदा टरफलाला किलोमागे काय मिळालं आणि ट्रक कुठे गेला, ते खाली कमेंटमध्ये लिहा. गावाचं नाव घातलंत तर बरं, निवेदनाला आकडे लागणार आहेत.