संशय, पुरावा आणि कागदावरची पट्टी

१/ मावळात लेणे दिसले की कोणीतरी सांगतेच : पांडवांनी एका रात्रीत कोरले. लोणावळ्याजवळच्या कार्ले येथील चैत्यगृहात मात्र ब्राह्मी लेख आहे : वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण केले. आख्यायिका आणि पुरावा यांतील हे अंतर इतिहासप्रेमींना ठाऊक असते. हेच अंतर प्रयोगशाळेत कसे जपले जाते, हेही आपण शिकावे असे माझे मत आहे. त्यासाठी १९८६ च्या मद्रासला जाऊ.

२/ तेथील मद्रास मेडिकल कॉलेजात डॉ. सुनीती सॉलोमन सूक्ष्मजीवशास्त्र शिकवीत. त्या माहेरच्या गायतोंडे. मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. एड्स हा परदेशी आजार, तो आपल्याकडे येणार नाही, असा तेव्हा समज होता. त्यांच्या विद्यार्थिनी निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले.

३/ वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात एलायझा चाचणी झाली. सहा नमुन्यांत रंग उमटला. पण या चाचणीत विषाणूची प्रथिने एकाच खळग्यात एकत्र असतात. रक्तातील प्रतिपिंड कशाला तरी चिकटले एवढेच रंग सांगतो. नेमके कशाला, ते सांगत नाही. म्हणून तो संशय होता, पुरावा नव्हे.

४/ पुन्हा रक्त घेतले गेले. नवे नमुने अमेरिकेत नेऊन त्यांची वेस्टर्न ब्लॉट चाचणी झाली आणि एचआयव्ही भारतात आल्याचे सिद्ध झाले.

५/ ही पद्धत अशी : विषाणूची प्रथिने उलगडून जेलमध्ये ठेवतात आणि वीजप्रवाह सोडतात. लहान प्रथिने पुढे धावतात, मोठी मागे राहतात. मग ती त्याच क्रमाने नायट्रोसेल्युलोजच्या कागदावर उतरवतात. मोकळ्या जागा दुधाच्या भुकटीसारख्या प्रथिनाने झाकतात व वर रुग्णाचा रक्तद्रव सोडतात. प्रतिपिंड जेथे चिकटेल तेथे, रंग आणणाऱ्या दुसऱ्या प्रतिपिंडामुळे, पट्टी उमटते.

६/ म्हणजे साक्षी दोन : प्रथिनाचे वजन आणि प्रतिपिंडाची ओळख. पी २४, जीपी ४१ अशा ठरावीक जागी पुरेशा पट्ट्या हव्यात. एखादीच उमटली, तर निकाल ‘अनिर्णित’.

७/ नावाचीही गंमत आहे. १९७५ मध्ये डीएनएसाठी अशी पद्धत काढणारे एडविन सदर्न. ते आडनाव, दिशा नव्हे! प्रथिनांची पद्धत १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९८१ मध्ये बर्नेट यांनी तिला थट्टेने ‘वेस्टर्न’ म्हटले.

८/ कोणी म्हणेल, साथ दारात असताना दुसऱ्या चाचणीसाठी थांबणे परवडते का? माझ्या मते तेव्हाच थांबावे. घाई चुकीची ठरली असती, तर सहा निरपराध स्त्रियांवर कलंक बसला असता आणि पुढच्या खऱ्या इशाऱ्यावर कोणी विश्वास ठेवला नसता.

९/ मित्रांनो, एखादे पत्र वा नाणे सापडले की आपण लगेच ‘सिद्ध झाले’ असे लिहून मोकळे होतो. पहिला रंग दिसताच निकाल देऊ नका. पहिल्यापेक्षा वेगळ्या रीतीची दुसरी साक्ष शोधा. ती नसेल, तर ‘अनिर्णित’ लिहा. त्या शब्दात पराभव नाही, प्रामाणिकपणा आहे.